नातीची रात्र कोरडी जावी म्हणून



गेल्या पंधरवड्याच्या टपालात सातारा जिल्ह्यातील एका आजींचे चार पानी पत्र आहे. मुलगा आणि सून दोघांचीही फिरतीची नोकरी, म्हणून नऊ वर्षांची नात शाळेसाठी आजीआजोबांजवळ राहते. अभ्यासात बरी, खेळण्यात पुढे. परंतु आठवड्यातून चार-पाच रात्री अंथरूण ओले होते. आजींनी तिला रात्री दोन वाजता उठवून पाहिले, संध्याकाळनंतर पाणी बंद करून पाहिले, एकदा रागाच्या भरात धपाटाही घातला आणि मग स्वतःच रडल्या. अखेरीस औषधाच्या दुकानातून मासिक पाळीचे पॅड आणून लावले, तरी गादी भिजतेच. आता डिसेंबरात शाळेची दोन रात्रींची सहल आहे आणि नात म्हणते, ‘आजी, मला नाही जायचं.’ पत्राच्या शेवटी आजींनी संकोचाने विचारले आहे : ‘मी स्वतः रात्री मोठ्यांचा डायपर वापरते. तोच कापून तिला लावला तर चालेल काय?’

हा प्रश्न लिहायला आजींना किती धैर्य लागले असेल, याची मला कल्पना आहे. म्हणून आज त्याचेच उत्तर सविस्तर देतो.

प्रथम मनावरचे ओझे उतरवू. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरा मुले रात्री अंथरूण ओले करतात. दहाव्या वर्षी हे प्रमाण शंभरात पाचच्या आसपास उरते. मुलग्यांत ते अधिक, परंतु मुलींतही दुर्मीळ नाही. आईला किंवा वडिलांना लहानपणी हा त्रास असेल, तर मुलांमध्ये तो येण्याची शक्यता बरीच वाढते. तेव्हा आजी, आपल्या मुलाचे बालपण जरा आठवून पाहा. यात आळस नाही, हट्ट नाही आणि वळणही बिघडलेले नाही. रात्री लघवी कमी तयार व्हावी यासाठी मेंदूतून जे संप्रेरक स्रवते ते काही मुलांत पुरेसे स्रवत नाही, मूत्राशय लवकर भरते आणि भरल्याचा निरोप गाढ झोपेतल्या मेंदूपर्यंत पोहोचत नाही. झोपलेल्या माणसाला शिक्षा करून काय शिकवणार?

आता पॅडकडे वळू. मासिक पाळीचे पॅड हळूहळू, थोड्या थोड्या प्रमाणात येणारा स्राव टिपण्यासाठी केलेले असते. लघवी तशी येत नाही. मुलाचे मूत्राशय किती धरू शकते याचा अंदाज घेण्यासाठी डॉक्टर एक सोपा हिशेब करतात : वयात एक मिळवायचा आणि तीसने गुणायचे. नऊ वर्षांच्या मुलीचा आकडा 300 मिलिलिटर येतो. म्हणजे मोठा पेलाभर पाणी अर्ध्या-एक मिनिटात ओतल्यासारखे झाले. पॅड ते शोषून घेण्याआधीच ते कडेने वाहून जाते. पॅडचा दोष नाही, त्याला दिलेले काम चुकीचे आहे.

मोठ्यांचा डायपर कापण्याचा विचारही सोडून द्यावा. त्याच्या आत लघवी धरून तिची लापशी करणारे बारीक कण असतात. कात्री लागली की ते बाहेर सांडतात, अंगाला चिकटतात आणि कापलेल्या कडेने गळती होते ती वेगळीच. न कापता वापरला तर सर्वांत लहान मापही या वयाच्या मुलीच्या मांडीपाशी सैल राहते. दुसरीकडे, लहान बाळांच्या डायपरच्या पाकिटावर सर्वांत मोठे माप बहुधा 15 ते 25 किलोपर्यंतचे असते. आठ-नऊ वर्षांच्या पुष्कळ मुली नेमक्या याच सीमेवर असतात. बाळांच्या वस्तूत मावत नाहीत, मोठ्यांच्या वस्तू त्यांना बसत नाहीत. दुकानदार मग जे हाती लागेल ते पुढे करतो.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : नातीचे आजचे वजन, बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर आणि मांडीच्या वरच्या भागाचा घेर. पाकिटावरचे वय वाचू नये; वजन आणि घेर वाचावा. चिकटपट्टीचा डायपर नको, चड्डीसारखा ओढून घालायचा प्रकार घ्यावा, कारण तो ती स्वतः घालू आणि काढू शकते. नऊ वर्षांच्या मुलीला पाठीवर निजवून पट्ट्या लावणे तिला किती लागते, हे आपल्याला सांगायला नको. आजारपणात आपल्यापैकी पुष्कळांनी ते अनुभवले आहे. घातल्यावर कमरेत दोन बोटे सहज जावीत, मांडीपाशी मात्र फट राहू नये, आणि तेथील झालर आत दुमडलेली नसावी. दुमडलेल्या झालरीमुळेही रात्री गळती होते. सर्वांत मोठी पिशवी लगेच विकत घेऊ नये. लहान पाकीट आणावे आणि तीन रात्री पाहावे.

‘मुलींसाठी’ असे छापलेल्या वस्तूंत पुष्कळदा फरक असतो तो गुलाबी रंगाचा. खरा फरक शोषक थर कोठे जाड आहे त्यात असायला हवा. मुलग्यांची लघवी पुढच्या बाजूस येते, मुलींची मधल्या भागात येते आणि उताणे निजल्यास मागे पसरते. चादरीवरचा सकाळचा डाग पाहिला की नात कशी निजते ते कळते. डाग पाठीकडे असेल तर मागपर्यंत जाड थर असलेली चड्डी हवी. पालथी निजणारी असेल तर पुढचा भागही भरलेला हवा. कुशीवर निजणाऱ्या मुलींत मांडीकडून गळते, त्यांना मांडीपाशी फट न राहता नीट बसणारे माप अधिक उपयोगी पडते.

धुऊन पुन्हा वापरण्याच्या कापडी चड्ड्याही मिळतात. त्यांच्या बाहेरून पाणी न झिरपणारे कापड आणि आत सुती किंवा तत्सम शोषक थर असतात. कमी ओले होत असेल तर त्या चांगल्या. पूर्ण लघवी होत असेल तर बहुतेक अपुऱ्या पडतात. धुताना कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये, त्याने कापडाची शोषण्याची शक्ती कमी होते. उन्हात वाळवाव्यात, परंतु रस्त्याकडेच्या दोरीवर नव्हे. शेजारच्या मैत्रिणीने विचारलेला एक प्रश्न मुलीच्या मनात वर्षभर राहतो.

अंथरुणाची रचना मात्र कोणतीही चड्डी घेतली तरी करावीच. जुन्या लुगड्यांची गोधडी उबदार खरी, पण भिजली की पावसाळ्यात चार दिवस वाळत नाही. काही काळ ती बाजूला ठेवू. गादीवर रबरी चादर, तिच्यावर सुती चादर, पुन्हा रबरी चादर आणि वर पुन्हा सुती चादर असे दुहेरी अंथरावे. रात्री ओले झाले तर वरचा जोड ओढून काढायचा की खाली कोरडे अंथरूण तयारच. गादी उलटण्याचे काम गुडघ्यांचा आणि कमरेचा त्रास असलेल्या आजीआजोबांनी मध्यरात्री करू नये. एका गादीपायी पाठीत उसण भरून घेतलेले आजोबा मी पाहिले आहेत.

सकाळी चड्डी काढल्यावर साध्या पाण्याने पुढून मागे धुवावे, टिपून कोरडे करावे. जंतुनाशक द्रावण, सुगंधी साबण, टाल्कम पावडर यांची गरज नाही. त्याने नाजूक त्वचेची जळजळ वाढते. त्वचा लाल होत असेल तर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात पुरे. वापरलेली चड्डी गुंडाळी करून वर्तमानपत्रात बांधावी आणि वेगळी द्यावी. पुण्यात अशा पुडीवर लाल ठिपका काढतात, म्हणजे कचरा वेचणाऱ्या भगिनींना ती उघडावी लागत नाही. ही पद्धत कोणत्याही गावी उचलावी अशी आहे.

पुष्कळ आजीआजोबा विचारतात की चड्डीची सवय लागून त्रास लांबणार तर नाही? चड्डी हा उपचार नव्हे आणि अडथळाही नव्हे. ती छत्री आहे, पाऊस थांबवण्याचे काम तिचे नाही. मधूनमधून कोरड्या रात्री येऊ लागल्या की सुटीत आठवडाभर चड्डीविना निजू द्यावे आणि पाहावे. उपचार वेगळे आहेत. ओलावा लागताच वाजणारी घंटा दोन-तीन महिने चिकाटीने वापरली तर तिचा चांगला उपयोग होतो. मात्र पहिल्या काही आठवड्यांत घंटेने मूल जागे होत नाही, घरातल्या मोठ्यांनाच उठून त्याला जागे करावे लागते; ऐकू कमी येत असेल तर हे काम मुलगा-सून घरी असतील त्या काळात करावे. रात्रीची लघवी कमी करणारी गोळीही असते. ती केवळ डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि त्यांनी सांगितलेले पाण्याचे पथ्य पाळूनच द्यावी, कारण तिच्यावर भरपूर पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घटण्याचा धोका असतो.

एक गोष्ट मात्र चड्डीआड झाकली जाऊ नये, आणि मुलींच्या बाबतीत ती फार महत्त्वाची आहे. नात दिवसाही लघवीला नीट जाते, तरीही तिची चड्डी सतत ओलसर राहते, असे असेल तर थांबू नका. क्वचित एखाद्या मुलीत जन्मतःच मूत्रवाहिनी मूत्राशयात न उघडता खाली उघडते आणि थेंब थेंब गळत राहते. अशा मुलीला वर्षानुवर्षे ‘निष्काळजी’ म्हणून बोल लावले जातात. दोष शस्त्रक्रियेने दूर होतो. लघवी करून उठल्यावर लगेच थोडेसे गळणे हे वेगळे. पाय जवळ घेऊन कमोडवर बसल्याने ते होते; पायांखाली पाट द्यावा, गुडघे दूर ठेवून किंचित पुढे वाकून बसायला शिकवावे. याशिवाय लघवीला जळजळ, ताप, सहा महिने किंवा अधिक कोरडे राहून पुन्हा सुरू झालेला त्रास, अतिशय तहान आणि घटते वजन, मोठ्याने घोरणे, चालण्यात बदल, यांपैकी काहीही असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे. तहान आणि वजन घटणे एकत्र दिसले, तर त्याच दिवशी जावे. आणि बद्धकोष्ठ आहे का ते विचारावे. भरलेले आतडे मूत्राशयाला दाबते, कधी कधी पोट साफ राहू लागले की रात्रीही सुधारतात.

डॉक्टरांकडे जाताना एक छोटी नोंद न्यावी. कोरड्या चड्डीचे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करावे, सकाळी ओल्या चड्डीचेही. जितके ग्रॅम जास्त, तितके मिलिलिटर लघवी. उठल्यावर पहिल्यांदा केलेली लघवी मापाच्या भांड्यात धरून त्यात मिळवावी. सात दिवसांचे हे आकडे डॉक्टरांना पुष्कळ काही सांगतात. काटा मात्र पीठ मोजण्याचा वेगळा ठेवावा, हे आजींना सांगण्याची गरज नाही.

संध्याकाळनंतर पाणी पूर्ण तोडू नये. दिवसभर, विशेषतः शाळेत, भरपूर प्यायला लावावे, म्हणजे रात्री तहान उरत नाही. रात्री निजायला जाताना चहा किंवा कोको नको.

आजी, आपल्या डायपरविषयी नातीला सांगितले आहे का? नसेल तर सांगून पाहा. ‘चिऊ, माझंही असंच होतं गं, म्हणून मीसुद्धा रात्री घालते,’ एवढेच म्हणा. दोघींच्या चड्ड्या एकाच कपाटात, एकाच खणात ठेवा आणि त्या खणाची किल्ली तिच्याकडे द्या.

सहलीला तिला जरूर पाठवा. वर्गशिक्षिकेला एकट्यात सांगा, वर्गाच्या गटावर नव्हे. दोन रात्रींसाठी चार चड्ड्या लागतील. त्या रात्रीच्या कपड्यांच्या घडीत एकेक गुंडाळून, वर सैल, गडद रंगाचा सुती पायजमा ठेवा, म्हणजे चालताना आवाजही येत नाही. एक जाड अपारदर्शक पिशवी वापरलेल्यांसाठी. न्हाणीघरात जाऊन बदलायचे, तोंड धुण्याच्या वेळी काढायचे, हे तिने घरी तीन-चार वेळा स्वतः करून पाहिलेले असू द्या. येत्या शनिवारी पहिली रात्र पाहा. रविवारी शाळा नसते, सकाळी काट्यापाशी सावकाश बसता येईल.