रिकामा रकाना

गेल्या सर्वसाधारण सभेत शिष्यवृत्ती-निधीच्या नियमावलीतील दोन कलमांत कार्यकारिणीने जो फेरफार सुचविला आणि उपस्थितांनी बहुमताने जो मंजूर केला, त्यावरून सभागृहात, नंतर वाहनतळावर आणि त्याहीनंतर दूरध्वनीवर जी चर्चा अखंड चालू आहे ती पाहता, हे संपादकीय त्या विषयाला वाहिले नाही तर सभासदांची इतराजी होईल, आणि वाहिले तरीही ती होणारच आहे. तेव्हा निदान खुलासा करून ती पत्करावी, हे आम्हांला अधिक सभ्यपणाचे वाटले.

हिंगोली, वसमत, कळमनुरी या भागांतून इकडे आलेल्या काही कुटुंबांनी पदरमोड करून हा निधी उभा केला, हे जुन्या सभासदांना सांगावयास नको. त्यातून दरसाल एक शिष्यवृत्ती येथील पाल्यास व एक हिंगोली जिल्ह्यातील बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यास मिळते. ‘निवडलेली विद्याशाखा’ हा रकाना भरल्यावाचून अर्ज ग्राह्य धरू नये, आणि मधेच शाखा बदलल्यास पुढील हप्ता बंद करावा, अशा दोन अटी मूळ मसुद्यात होत्या. त्या आता रद्द झाल्या आहेत. येथील पुष्कळ महाविद्यालये मुलांना आरंभी ‘अनडिक्लेअर्ड’ राहू देतात. आपलेच मंडळ तेवढे सतराव्या वर्षी त्यांच्याकडून कबुलायत लिहून घेत होते.

यावर एका ज्येष्ठ सभासदांनी, ज्यांच्याविषयी आम्हां सर्वांना नितांत आदर आहे, ‘कच्च्या मडक्यांना कसली शिष्यवृत्ती?’ असा सवाल केला. सवालाला टाळ्या मिळाल्या. परंतु कीर्तनातून आपण ऐकत आलेल्या कथेत गोरोबाकाकांनी ज्यांना कच्चे मडके ठरविले ते परंपरेने आपल्याच हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव होते, आणि तो अपमान गिळून ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, एवढे स्मरण त्या टाळ्यांच्या गजरात कोणी करून दिले असते तर बरे झाले असते. कथेत इतिहास किती आणि भक्ती किती, याचा निवाडा करण्याचा अधिकार अर्थातच कार्यकारिणीकडे नाही.

त्याच औंढा नागनाथच्या परिसरात आज लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेचा प्रकल्प आकार घेत आहे, चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजांचे वर्णन आपल्या गावाकडच्या नातलगांकडून आपण अभिमानाने ऐकतो. पण त्या विद्येचा पूर्वेतिहास ऐकण्याची तसदी सहसा घेत नाही. आइन्स्टाइन यांनी १९१६ साली या लहरींचे भाकीत केले आणि १९३६ मध्ये त्या नसाव्यात असे खुद्द त्यांनाच काही काळ वाटू लागले. पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासमवेत, यंत्रातील गोंगाटात बुडालेला असा संकेत गणिताने कसा हुडकावा, याविषयीचा निबंध १९९१ साली प्रसिद्ध केला, तेव्हा हुडकण्याजोगा संकेत कोणाच्याही हाती नव्हता. पुढे अमेरिकेतील वेधशाळांनी २००२ ते २०१० या काळात आपल्या पहिल्या पर्वाची निरीक्षणे केली आणि त्यांना काहीही ऐकू आले नाही. त्या वर्षांत ज्यांनी डॉक्टरेट मिळविली त्यांच्या प्रबंधांचा निष्कर्ष, अमुक तीव्रतेच्या लहरी आढळल्या नाहीत, एवढाच असे. मग १४ सप्टेंबर २०१५ रोजी, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून निघालेली, सेकंदाच्या अल्पांशापुरती टिकलेली ती लहर सापडली. ११ फेब्रुवारी २०१६ ला घोषणा झाली आणि सहाच दिवसांनी भारत सरकारने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मात्र एप्रिल २०२३ मध्ये आली.

दृष्टान्त सर्वस्वी चपखल नाही, हे आम्ही जाणतो. या मंडळींचा विषय ठरलेला होता, फळ तेवढे अनिश्चित होते. पण रकान्यात ‘संगणकशास्त्र’ असे ठळक लिहिणाऱ्या मुलाचे तरी फळ कोठे निश्चित असते? आणि रकाना मोकळा ठेवणारे सगळेच विश्वाचा वेध घेतील असाही आमचा दावा नाही. बहुतेक आपल्यासारखेच नोकरी आणि गृहकर्जात रमतील. फक्त, न उमगलेले उमगल्याचे सोंग त्यांनी आमच्या अर्जासाठी करू नये.

खरा बिकट आक्षेप दुसराच होता, आणि तो शेवटच्या रांगेतील एका भगिनींनी मांडला: अनिश्चितता हा सुखवस्तूंचा षोक आहे, हिंगोलीच्या पोराला तो परवडत नाही. यात तथ्य आहे. ज्या घरात उन्हाळ्याच्या अखेरीस लावलेली हळद पुढच्या वर्षी निघते, शिजते, वाळते आणि तिचा भाव हिंगोलीच्या किंवा वसमतच्या बाजारात ढीग लागल्यावर कळतो, त्या घराने मुलासाठी नीट, सीईटी आणि खात्रीची नोकरी यांचाच ध्यास घेतला तर त्याला दोष देण्याचा अधिकार इकडे पगारावर जगणाऱ्या आपल्याला नाही. त्याला बेभरवशाच्या वाटेचे माहात्म्य सांगणारे पत्र मंडळ कदापि पाठविणार नाही. परंतु एखाद्या मुलीने घरच्यांसाठी अभियांत्रिकी घेतली आणि वर्षभरात तिला कळले की आपला ओढा कृषिविद्येकडे आहे, तर ‘हप्ता बंद होईल’ या एका धाकापोटी तिला तेथेच डांबून ठेवणारे आपण नसावे, एवढ्याचसाठी दुसऱ्या कलमाचा फेरफार आहे. बदलाचे कारण तिने कळवावयाचे आहे, आणि निधीचे मोजमाप आहे तेवढेच राहील. मूळ देणगीदारांपैकी ज्यांची हरकत आहे त्यांनी ती लेखी द्यावी. फेरविचाराचा मार्ग नियमावलीने खुला ठेवला आहे.

मात्र हरकत घेणाऱ्यांपैकी निम्मे सभासद त्या दिवशी सभेला नव्हते, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करावी लागली, आणि पलीकडे कोजागरीचे मसाला-दूध चाखणाऱ्या काही मंडळींना हाताला धरून आणावे लागले तेव्हा संख्या भरली. पुढील सभा म्हणूनच स्नेहभोजनाच्या आधी ठेवली आहे, नंतर नाही.

अर्ज नेहमीप्रमाणे चिटणीसांकडे मिळतील. पाल्याचा अर्ज पाल्यानेच भरावा. काही अर्जांतील भाषा वडिलांची असल्याचे निवड समितीच्या ध्यानात आले आहे. हिंगोलीच्या विद्यार्थ्यांशी महिन्यातून एकदा बोलू शकतील अशा सभासदांची यादी करावयाची आहे: आपापली शाखा बदललेल्यांना अग्रक्रम राहील, आणि फोन करताना तिकडे किती वाजले आहेत हे कृपया पाहून घ्यावे. थकलेल्या वर्गण्या कोषाध्यक्षांकडे जमा कराव्यात, म्हणजे या लेखात ज्या हप्त्यांची एवढी चर्चा केली ते वेळेवर पाठविता येतील.