तडा गेला म्हणून टाकू नका

खानदेशचा उन्हाळा लाकडालाही सोसत नाही. आमच्या जामनेरकडे पारा ४५ अंशांकडे सरकला की काठवटीला आणि कातीव वाडग्यांना तडे जातात. लाकूड सुकताना लांबीत फारसे आखडत नाही, रुंदीत आखडते. म्हणून तडा रेषांच्याच दिशेने जातो. मग वाडगा चुलीत जातो आणि बाजारातून प्लास्टिकचा येतो.

याबाबत आपल्याकडे एक सुंदर दाखला आहे. सहीह बुखारीत येते की, प्रेषित मुहम्मद (स.) यांचा रुंद लाकडी प्याला हजरत अनस (रजि.) यांच्याकडे होता. तो तडकला होता आणि चांदीने सांधलेला होता. प्याल्याला लोखंडी कडे होते. त्याजागी सोन्याचे किंवा चांदीचे कडे बसवावे, असे हजरत अनस (रजि.) यांच्या मनात आले. पण प्रेषितांनी केलेल्या वस्तूत बदल करू नका, असे हजरत अबू तलहा (रजि.) यांनी सांगितले आणि कडे तसेच राहिले. म्हणजे सांधा लपवला नाही, आणि हौसेलाही हद्द घातली.

हाच धडा घरी गिरवता येतो. वाडगा सावलीत पूर्ण सुकवावा, तडा ब्रशने साफ करावा. दाबून बुजवू नये. लाकूड दुसरीकडे फुटते. तडा लांब असेल तर दोन्ही कडांना बारीक भोके पाडून तांब्याच्या तारेचे टाके घालावेत. मग लाल लाख वितळवून तड्यात भरावी. मराठीतला कातारी, उर्दूतला खरादी, लाखेनेच लाकूड रंगवतो. सावंतवाडीची लाकडी खेळणी त्याच कामासाठी नावाजलेली आहेत. लाख थंड झाली की पॉलिश पेपरने घासून सपाट करावी. तपकिरी लाकडात लाल रेघ खुलून दिसते.

लाख उष्णतेने मऊ होते. म्हणून या वाडग्यात गरम पदार्थ नकोत, तो पाण्यात भिजतही ठेवू नये. इफ्तारचे खजूर, फळे, सुका मेवा यांसाठी तो उत्तम.

मात्र सांधलेला वाडगा शोकेसमध्ये ठेवू नका. दुरुस्ती वापरासाठी असते. मुलांना टाके घालायला बसवा. वस्तू फेकण्याआधी एकदा हातात घेऊन पाहायची सवय त्यांना लागली, तर इसराफवर वेगळा पाठ घ्यावा लागणार नाही, असे आम्हाला वाटते.