खिंडीत ठेवलेला एचटी

"एकाच फ्रिक्वेन्सीवर रिपीटर? म्हणजे एकाच तोंडाने जेवायचं आणि त्याच तोंडाने गायचं!" हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या चहाच्या टेबलावर हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की आता तो सांगणाऱ्याच्या आधी मीच पुरा करतो. विनोद चांगला आहे. त्यामागचं पदार्थविज्ञान मात्र वीस वर्षं जुनं झालंय.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण तो अडाण्यांचा नाही. रिपीटरने दुबळा आवाज ऐकायचा आणि त्याच क्षणी तो जोरात पुढे द्यायचा. चांगल्या संचाचा कान ०.३ मायक्रोव्होल्टचा सिग्नल पकडतो आणि त्याच संचाचं तोंड ५ वॅटने बोलतं. दोन्हींच्या शक्तीत फरक किती? सुमारे १५४ डेसिबल, म्हणजे २८ वर चौदा शून्यं इतकी पट. स्वतःच्याच आरोळीत समोरच्याची कुजबुज बुडणारच. म्हणून डोंगरावरच्या नेहमीच्या रिपीटरला ऐकायला एक आणि बोलायला दुसरी फ्रिक्वेन्सी लागते. २ मीटर बँडवर त्या दोहोंत ६०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून धातूच्या जाडजूड नळकांड्यांचा ड्युप्लेक्सर बसवतात. ते धूड पाठीवर घेऊन कोणी गड चढत नाही. तेव्हा एका फ्रिक्वेन्सीवर, तेही हातातल्या संचाने (आम्ही त्याला एचटी म्हणतो) रिपीटर चालवणं म्हणजे जाहिरातदारांची हातचलाखी, असा हा आक्षेप.

आक्षेपाचा सगळा भार 'त्याच क्षणी' या दोन शब्दांवर आहे. तेच काढून घेतले तर?

युरोपातल्या ईटीएसआय या मानक संस्थेने २००५ साली डीएमआर या डिजिटल रेडिओ पद्धतीचं मानक प्रसिद्ध केलं. त्यात १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलचे काळाच्या हिशेबाने तुकडे पाडलेत, प्रत्येक तुकडा ३० मिलिसेकंदांचा. एक तुकडा पहिल्या खिडकीचा, पुढचा दुसरीचा, परत पहिलीचा. बोलणाऱ्याचा ६० मिलिसेकंदांचा आवाज आकसून ३० मिलिसेकंदांत बसवला जातो, त्यामुळे त्याला दर दोनातली एकच खिडकी पुरते. दुसरी मोकळी. मधला संच पहिल्या खिडकीत ऐकतो आणि दुसऱ्या खिडकीत तेच पुढे देतो. कान उघडा तेव्हा तोंड मिटलेलं, तोंड उघडं तेव्हा कान मिटलेला. सेकंदाला तेहेतीस खिडक्या सरकत असताना माणसाच्या कानाला यातलं काहीच कळत नाही. जेवणं आणि गाणं एकाच तोंडाने चाललंय, फक्त पाळीपाळीने. डी-स्टार किंवा फ्यूजन या हॅममंडळींच्या दुसऱ्या डिजिटल पद्धतींना हे जमत नाही, कारण त्यांचा प्रवाह बोलणं संपेपर्यंत सलग वाहतो. त्यात शिरायला फटच नाही.

यात जाहिरातदारांची करामत कुठे आली? युरोपातले पोलीस वापरतात त्या टेट्रा पद्धतीच्या मानकातही एका फ्रिक्वेन्सीवरच्या रिपीटरचा प्रकार आहे. हायटेराच्या पीडी९८५ या एचटीत तर ही सोय कारखान्यातूनच येते. ड्युप्लेक्सर नाही, दुसरी फ्रिक्वेन्सी नाही.

इथे दुसरा गट पुढे सरसावतो. "एवढा खर्च कशाला? आमचा पोपट आहे की!" पोपट म्हणजे साध्या संचाला जोडायची ध्वनिमुद्रणाची डबी. तुम्ही वीस सेकंद बोललात की ती ऐकून घेते आणि तुम्ही थांबल्यावर तेच वीस सेकंद बोलून दाखवते. पोपटावर माझा राग नाही. स्वस्त आहे, कुठल्याही जुन्या ॲनालॉग संचाला चालतो, एकटा असताना आपला आवाज कसा जातोय ते तपासायला तर फारच छान. पण प्रत्येक वाक्याला दुप्पट वेळ लागतो. अनोळखी माणसाला वाटतं समोरचा गप्प झालाय, तो मध्येच बोलायला लागतो आणि पोपट त्याच्या अंगावर बोलतो. जखमी माणसाला खाली उतरवताना "दोर ढिला सोड" हा निरोप दुसऱ्यांदा ऐकू येईपर्यंत दोर वाट पाहत नाही. आणखी एक गोष्ट पोपटवाले सांगत नाहीत. ॲनालॉग आवाजातली खरखरही पोपट इमानाने पुन्हा ऐकवतो. डिजिटल संच मिळालेले बिट आधी दुरुस्त करतो आणि मग कोरे करकरीत पुढे पाठवतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत लोकप्रिय: "एवढ्याशा एचटीत दम किती असणार?" वॅटवर श्रद्धा असलेल्यांना मी राजमाचीला न्यायला तयार आहे. आम्ही पाच जण गेलो होतो. दोघे कोंढाणे लेण्यांपाशी, दोघे लोणावळ्याच्या बाजूला, आणि मी राजमाचीच्याच श्रीवर्धन बालेकिल्ल्याच्या माथ्यावर. कोंढाण्याहून लोणावळा सरळ गाठायचा प्रयत्न आधी केला. ५ वॅट लावले, अँटेना बदलली, हात उंच केला, दगडावर चढून पाहिलं. पलीकडे चिडीचूप. मध्ये सह्याद्री आडवा पडलेला, तो वॅट मोजत नाही. मग माझा संच १ वॅटवर ठेवून बुरुजावर उभा केला आणि दोन्ही बाजूंची मंडळी शेजारच्या खोलीत असल्यासारखी गप्पा मारू लागली.

कारण साधं आहे. सपाट जमिनीवर दीड मीटर उंचीवर धरलेल्या अँटेनाचं रेडिओ क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरवर असतं, भोवतालच्या मुलखापेक्षा ४०० मीटर उंच जागेवरून तेच ८० किलोमीटरच्या पुढे जातं. १ वॅटचे ४ वॅट केले तर हाती येतात ६ डेसिबल, म्हणजे मीटरवर एक घर. डोंगर जे देतो ते बॅटरी देऊ शकत नाही.

पण त्या दिवसाची खरी गोष्ट अशी की पहिला अर्धा तास काहीच चाललं नव्हतं. माझ्या संचाचा कलर कोड, म्हणजे गटातल्या सगळ्या संचांत सारखाच लागणारा खुणेचा आकडा, वेगळा राहिला होता. चूक माझीच, घरून तपासून निघालो नव्हतो. माथ्यावर पावसाची भुरभुर, हाताची बोटं आखडलेली आणि बारीक पडद्यावरचा मेनू. तेव्हा कोणीही माझ्यावर हसला असता तर मी हसू दिलं असतं.

म्हणून आता खंडन दुसऱ्या बाजूचं, म्हणजे माझ्याच बाजूच्या उत्साही मंडळींचं. "आता टॉवर मोडीत काढा, एचटी आहे!" हे बोलणं बेजबाबदार आहे. या पद्धतीत गटातला प्रत्येक संच डीएमआरचा हवा, प्रत्येकाचा कलर कोड आणि खिडकी जुळलेली हवी. ऐनवेळी मदतीला आलेल्या गाववाल्याचा किंवा वनरक्षकाचा ॲनालॉग संच इथे मुका ठरतो. ॲनालॉग आवाज विरत विरत जातो, खरखरीतूनही "इकडे या" एवढं कळतं. डिजिटल आवाज शेवटपर्यंत स्वच्छ आणि मग एकदम तुटतो, कड्यावरून पाय घसरावा तसा. चॅनेलच्या दोन्ही खिडक्या एकाच संभाषणात खर्ची पडतात. संच तापतो, बॅटरी भराभर उतरते, दुसरी सोबत लागतेच. डोंगरावरचा कायमचा रिपीटर, त्याची उंच अँटेना, त्याची बॅटरी बँक, वर्षानुवर्षं त्याला जपणारी माणसं, या सगळ्याची जागा खिशातली वस्तू घेणार नाही. घेऊही नये.

मग तिचं काम कुठे? जिथे ते सगळं पोचत नाही तिथे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, बचाव पथकं चिखलातून चढून गेली. अशा ठिकाणी गाडीवर बसवलेला रिपीटर पायथ्याशीच उभा राहतो. वर जाते ती माणसाच्या पाठीवर मावणारीच वस्तू. पूर्वी आम्ही अशा जागी एक माणूस बसवायचो, तो खालचा निरोप वर आणि वरचा खाली सांगायचा. त्या माणसाबद्दल मला आदर आहे, कित्येकदा तो मीच होतो. पण तिसऱ्या निरोपाला "चार स्ट्रेचर"चे "चारला स्ट्रेचर" होतात, हेही मला माहीत आहे. माणूस तिथे हवाच, संचावर लक्ष ठेवायला आणि बॅटरी बदलायला. फक्त निरोप्याचं काम त्याच्या डोक्यावरून उतरवा.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात. हॅम बँडवर बोलायचं तर परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाचा परवाना घ्यावा लागतो. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेली मुलंही ती परीक्षा देऊ शकतात. बचाव पथकातल्या परवाना नसलेल्या मित्राच्या हाती आपला संच देऊन "बोल रे" म्हणणं चूक आहे. डीएमआर संचातला गुप्तलेखनाचा मेनूही हॅमसाठी नाही. आपल्या परवान्यातल्या अटी वाचल्याशिवाय कुठलाही संच रिपीटर म्हणून लावू नका, आणि लावलात तर तो एकटा सोडून जाऊ नका.

ज्यांच्याकडे असा संच आहे त्यांना एवढंच सांगणं: पावसाळ्याआधीचा एक रविवार काढा. सगळे संच आदल्या रात्री टेबलावर ठेवून कलर कोड आणि खिडक्या जुळवा. एकाने जवळच्या खिंडीत बसावं, बाकीच्यांनी दोन्ही बाजूंनी उतरत बोलत राहावं. आवाज जिथे तुटेल ती जागा नकाशावर पेन्सिलीने मांडा आणि तो नकाशा तालुक्याच्या बचाव पथकाला नेऊन द्या.