प्रगतिपुस्तक कोणासाठी?

पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगावी, हे शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २४ नुसार शिक्षकाचे कर्तव्य आहे. प्रत्यक्षात सभा भरते ती बहुधा कामाच्या दिवशी, भर दुपारी. रोजंदारीवरच्या बाईने त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवायची आणि ऐकायचे काय, तर ‘ब-२’! वर्णनात्मक नोंदी पाहाव्यात, तर ‘स्वतःचे मत मांडतो’ हे एकच वाक्य निम्म्या वर्गाच्या पुस्तकांत उतरलेले. (एकट्या शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला तक्ते भरण्यास जुंपले आहे.) आपल्या पोराला हातच्याची वजाबाकी येते की नाही, हे तिला कोणीच सांगत नाही.

राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेले मूल त्याच वर्गात बसणार. पाच वर्षे ज्या व्यवस्थेने आईला अंधारात ठेवले तिला जाब नाही, शिक्षा मात्र दहा वर्षांच्या पोराला!

सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. आपल्या कार्यकर्त्यांनी तेथे ठराव आणावा: सभा संध्याकाळी वस्तीत भरावी आणि प्रत्येक मुलाने आईसमोर धडा वाचून दाखवावा.