आधी पोर्ट बघा, मग पाकीट काढा!

इंजिनिअरिंगला आलेल्या मुलाकडे लॅपटॉप असणं ही आता चैन राहिलेली नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत तर त्याच्या जोडीला एक मोठा मॉनिटर असावा असंही वाटू लागतं. एकीकडे प्रोग्राम, दुसरीकडे आउटपुट. कॅडचं ड्रॉइंग पूर्ण दिसतं, मानही अवघडत नाही. इथवर सगळं ठीक. पण मॉनिटर खोलीवर आला की घोडं अडतं ते एका वायरीपाशी! कोणी म्हणतो एचडीएमआयच घे, कोणी म्हणतो डिस्प्लेपोर्टशिवाय मजा नाही, आणि एखादा सिनिअर ठणकावून सांगतो, "व्हीजीए काय वाईट आहे रे? लॅबमध्ये तेच चालतंय की!"

माझं मत सरळ आहे. जी जोडणी लॅपटॉप आणि मॉनिटर दोघांवर आधीच आहे आणि त्या पडद्याला पुरते, तीच आपल्यासाठी सर्वांत चांगली. वाचलेला पैसा पडद्यात घाला, वायरीत नको. व्हीजीए आहे तिथं खुशाल चालू द्या, पण नव्याने विकत घेऊ नका.

थोडा इतिहास बघू. व्हीजीए आयबीएमने १९८७ साली आणलं. तेव्हा पडदा होता ६४० बाय ४८० चा आणि त्यावर रंग १६. पुढं त्याच १५ पिनांमधून आपण फुल एचडी चित्र पाठवू लागलो, हे त्या जुन्या माणसाचं कौतुकच! पण ते ॲनालॉग. संगणकातलं डिजिटल चित्र आधी विजेच्या लहरीत बदलायचं आणि मॉनिटरने ते पुन्हा डिजिटल करायचं. या दुहेरी भाषांतरात अक्षरांच्या कडा मऊ होतात, लांब वायर असेल तर सावलीही दिसते. सिनेमा बघताना ते जाणवत नाही, पण रात्री चार तास कोड वाचणाऱ्या डोळ्यांना नक्की जाणवतं. शिवाय व्हीजीएमधून आवाज जात नाही. इंटेल आणि एएमडी यांनी तर २०१० च्या डिसेंबरातच जाहीर केलं होतं, की २०१५ पर्यंत व्हीजीएला रजा द्यायची.

त्यानंतर १९९९ ला डीव्हीआय आलं, २००२ ला एचडीएमआय आणि २००६ ला डिस्प्लेपोर्ट. एचडीएमआय मुळात टीव्हीवाल्या कंपन्यांनी काढलं, डिस्प्लेपोर्ट संगणकवाल्यांनी. आता हिशेब करू, शेवटी आपण इंजिनिअर! १९२० गुणिले १०८० ठिपके, सेकंदाला ६० वेळा, दर ठिपक्याला २४ बिट. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट. एवढं तर एचडीएमआयची २००२ ची पहिली आवृत्तीसुद्धा वाहून नेत होती. म्हणजे फुल एचडी, ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल, तर एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट हा वाद निव्वळ चहासोबतचा. चित्र तेच दिसणार.

फरक पडतो तो पुढं. ४के पडदा घेतला आणि पोर्ट एचडीएमआय १.४ चा निघाला, तर सेकंदाला ३० चित्रंच मिळतात आणि माउसचा बाण अडखळत चालतो. तिथं एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ पाहिजे. १४४ हर्ट्झचा गेमिंग मॉनिटर असेल तर डिस्प्लेपोर्ट असल्यास तोच वापरा. टाइप-सी असलं म्हणजे चित्र जाईलच असं नाही; लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती आधी वाचा. आणि मोबाइल चार्जिंगच्या वायरीतून चित्राची अपेक्षा करू नका.

आता दुकानदाराच्या भूलथापा. सोन्याचा मुलामा दिलेली केबल घेतली की रंग खुलतात म्हणे! डिजिटल वायरीत एक आणि शून्य जातात. ते नीट पोचले तर चित्र जसंच्या तसं येतं, नाही पोचले तर ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. सोन्याने फार तर पिन गंजत नाही. दीड मीटरच्या वायरीला एवढा खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

कन्व्हर्टर घेतानाही दिशा बघा. एचडीएमआय ते डीव्हीआय साध्या जोडाने होतं, कारण सिग्नल एकच. एचडीएमआयवरून व्हीजीएला मात्र आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयला जाणारी स्वस्त केबल उलटी लावून चालत नाही. आणि ज्या सॉकेटला अर्थिंग नीट नाही, लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, तिथं चालू मशीनला केबल खुपसू नका, पोर्ट जळू शकतो. आधी केबल जोडा, मग बटण दाबा.

एवढं खोलात जायचं कारण? आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी पैसा येतो तो सोयाबीनच्या पट्टीवर. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने परंडा, भूम भागात उभी पिकं पाण्यात गेली, हे आपण पाहिलंय. अशा घरातून आलेल्या पैशाची चुकीची केबल, मग चुकीचा कन्व्हर्टर, मग सोलापूर-लातूरची एसटीची फेरी, हे बरं दिसत नाही. खरेदीआधी दोन्ही यंत्रांच्या पोर्टचे मोबाइलवर फोटो काढा आणि तेच दुकानात दाखवा. एवढं केलं तरी निम्मी फसगत टळते.

सरांनाही एक विनंती. लॅबमधले जुने मॉनिटर चालतात तोवर चालू द्यावेत, भंगारात घालू नयेत. पण नव्या खरेदीच्या कोटेशनमध्ये 'एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट आवश्यक' ही एक ओळ घालावी. नुसत्या व्हीजीएचा नवा मॉनिटर घेणं म्हणजे पुढच्या बॅचच्या गळ्यात कन्व्हर्टर बांधणं आहे. आणि हॉस्टेलच्या ऑफिसात एक खोका ठेवावा. पास होऊन जाणाऱ्याने आपली केबल त्यात टाकावी, नव्याने येणाऱ्याने सही करून न्यावी. फी नाही, फॉर्म नाही.

बघा पटतंय का! नाही पटलं, तर वायर घेऊन आमच्या खोलीवर या. आधी दोन्ही टोकं बघू, मग वाद घालू.