कोडं सुटत नाही, कारण वस्तूच घरात नाही

'एक तोंड, तीन पाय. मुठीनं खाय, मातीत जाय. सांगा काय?'

वाचकहो, तुमची पन्नाशी उलटली असेल आणि लहानपण अमरावती-अकोल्याकडच्या एखाद्या खेड्यात गेलं असेल, तर उत्तर एव्हाना ओठावर आलं असेल. तिफण! वर चाड्यात मुठीनं बी सोडायचं, खाली तीन फणांतून ते जमिनीत जायचं. हेच कोडं आज सहावीतल्या पोट्ट्याले घाला. तो नुसता तोंडाकडे पाहतो. मग ओसरीवरून शेरा येतो, 'आताच्या पोरायचं डोकसंच चालत नाही.'

हा शेरा आम्हाला मान्य नाही. कोडं म्हणजे ओळखीच्या वस्तूला वेगळे कपडे घालून पुढं उभं करणं. ती वस्तूच कधी पाहिली नसेल, तर पोरगं ओळखणार कसं? कवी विठ्ठल वाघ यांच्या कवितेमुळे तिफण साऱ्या महाराष्ट्रात पोचली. पण ते गाणं ऐकून डोलणाऱ्या कितीतरी लेकरांनी धुऱ्यावर मोडून पडलेली तिफणसुद्धा पाहिलेली नाही. यात त्यांचा काय दोष?

दोष द्यायचा तर काळाला द्या. मोटर आली, मोट गेली. चक्की आली, जातं अंगणात पालथं पडलं. १९९० नंतर सोयाबीन शिवारभर पसरलं, ज्वारी मागे हटली. ज्वारीसोबत कणगी, पेव, कडब्याच्या गंज्या गेल्या. ट्रॅक्टरच्या पेरणीनं चाड्यावरची मूठ सोडवली. यातले बरेच बदल चांगलेच झाले. पहाटे उठून दळणाऱ्या मायमाउलीला जात्याची आठवण येते; पण तिला पुन्हा जात्यावर बसवा असं कोण म्हणेल? मात्र वस्तूसोबत शब्द गेला आणि शब्दासोबत कोडं गेलं, हे नुकसान कोणी मोजलं नाही.

कोडं हा नुसता पोराटोरांचा खेळ नव्हता. उखाणा हा शब्द आज लग्नात नाव घेण्यापुरता उरला. पूर्वी तो कोड्यालाही होता. कलगी-तुऱ्याच्या फडात शाहीर एकमेकांना भेदिक सवाल टाकत आणि उत्तरासाठी रात्र जागत. घरातलं कोडं मात्र लेकराला पाहायला शिकवायचं. सूप काय करते, विळा कसा वाकलेला असते, पराटीचं बोंड कसं उमलते, हे पुस्तकाआधी कोड्यानं शिकवलं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली. जिथं म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं, त्या आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं. अभिमानाची गोष्ट आहे. पण दर्जा दिल्लीहून मिळतो. बोलीतले शब्द घरच्या ओसरीवरच टिकतात. वर्गात 'काहून' म्हटलं की हसणारे आपणच, मग त्या विद्यापीठानं एकट्यानं काय करावं?

म्हणून दोन सूचना. पहिली शाळांना. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी भाषणं जरा कमी करा. गावातल्या चार म्हाताऱ्या बोलवा आणि सोबत चाडं, सूप, पायली, जात्याचा खुंटा मांडून ठेवा. वस्तू आधी हातात द्या, कोडं मग घाला. आजीनं सांगितलेलं कोडं तिच्याच वऱ्हाडीत वहीत उतरवा; शुद्ध करत बसू नका.

दुसरी सूचना घरच्यांना. जुन्या वस्तूंसाठी रडत बसण्यापेक्षा आजच्या वस्तूंवर नवी कोडी रचा. फवारणीचा पंप आहे, ठिबकची नळी आहे, मळणी यंत्र आहे. पोरं आपल्याहून सरस रचतील. जेवताना एक तुमचं, एक त्यांचं, एवढंच करून पाहा.

सुरुवात आम्ही करून देतो: 'दिवसभर हातात हिंडते, रात्री भितीले बांधलं की पोट भरते.' उत्तर छापत नाही. घरच्या लेकराले विचारा. या वेळी हरण्याची पाळी तुमची असेल.