यंत्राची पाकक्रिया

आमच्या कोल्हापुराकडे सकाळीं दूधसंस्थेच्या केंद्रावर किटली घेऊन उभा असलेला शेतकरी एका लहानशा यंत्राकडे डोळे लावून असतो. दुधाचें फॅट तें यंत्र सांगतें आणि त्यावर दर ठरतो. माझा पुतण्या पुण्यास अशा यंत्रांतील प्रणाली रचण्याचें काम करितो. गणपतींत घरीं आला असतां, "काका, मी दिवसभर रेसिपी लिहितों," असें तो म्हणाला, तेव्हां माजघरांत मोठाच हशा पिकला. त्याच्या आजीनें तर लगेच बेसनाचें प्रमाण विचारलें!

परंतु शब्द खरा आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेली लिनक्स प्रणाली मोठ्या संगणकावर आयती मिळते. लहान यंत्रांत जागा थोडी, म्हणून हवें तेवढेंच निवडून घरीं शिजवावें लागतें. बिटबेक हा तेथील आचारी, आणि २०१० सालीं निघालेला योक्टो प्रकल्प हा त्याचा मुदपाकखाना. सोर्स, म्हणजे मूळ लिखाण, कोठून आणावें, त्याचा परवाना कोणता, आधीं काय सिद्ध हवें, तयार झाल्यावर कोठें मांडावें, हें सारें पाकक्रियेंत लिहावयाचें. २०१७ पासून प्रत्येक पाकक्रियेस जणुं स्वतंत्र सोवळें स्वयंपाकघर मिळालें आहे. यादींत नाहीं तें आंत येत नाहीं. तूप लिहावयास विसरलांत, तर शेजारच्या फडताळांतून हळूच घेतां येत नाहीं; पदार्थ तेथेंच अडतो.

पाकक्रियांचे थर असतात. दोन थरांचें दुमत झालें, तर कोणाचें चालावें हें आंकड्यानें आधींच ठरलेलें असतें. पाणिनीनेंही दोन तुल्यबल सूत्रें समोरासमोर आलीं असतां पुढचें बलवत्तर ठरविलें आहे, हें मीं सांगितल्यावर चिरंजीव चकित झाले.

खरी गोष्ट मात्र त्यानें रात्रीं अंगणांत सांगितली. त्याच्या पूर्वीच्या कंपनींत एका पाकक्रियेंत नेमकी आवृत्ति न लिहितां, "सर्वांत नवी असेल ती घ्यावी," असें कोणी लिहून ठेविलें होतें. चार वर्षें निभावलें. मग फॅट दाखविण्यांत बारीक दोष आढळला. दुरुस्ती दोन ओळींची. पण नव्यानें शिजविलेली प्रणाली जुन्या यंत्रांत चालेना, कारण सोर्स तोंवर किती तरी पुढें गेलेला. बसविलेलीं यंत्रें नेमकीं कशाचीं बनलीं होतीं, हें कोणासच सांगतां येईना. तीन आठवडे गेले. तोंवर किटलीवाल्यांस रोज दशांशाचा फटका बसतच होता.

"लिहिणारा कोण?" मीं विचारलें.

"मीच, काका."

मी गप्प राहिलों. थोड्या वेळानें तोच पुढें बोलूं लागला. गिट नांवाच्या नोंदवहींत प्रत्येक नोंदीस चाळीस अक्षरांची खूण असते. आतां ती तो प्रत्येक पाकक्रियेंत उतरवितो, आणि सोर्सची एक प्रत आपल्याच कोठारांत ठेवितो. कारण खूण अचूक असली, तरी दूरचें मूळ भांडार एखाद्या दिवशीं बंद झालेलें असूं शकतें.